रात्री नीट केलेला फोटो सकाळी काळवंडलेला आणि पिवळट का दिसतो?

तक्रार नेहमीची आहे. रात्री बसून फोटो नीट केला; चेहऱ्याचा रंग मनासारखा आला, उजेड-सावली बरोबर वाटली. सकाळी तोच फोटो त्याच मॉनिटरवर उघडला, तर काळवंडलेला आणि पिवळट. सकाळी दुरुस्त करावा, तर रात्री तो भगभगीत आणि निळसर वाटतो. प्रिंट काढावी तर तिचं तिसरंच काहीतरी. मॉनिटर कॅलिब्रेट करून झाला, केबल बदलून झाली, तरी दुखणं परत येतंच.

फाइल आपोआप बदलत नाही आणि मॉनिटर एका रात्रीत एवढा घसरत नाही. बदलतो तो खोलीतला उजेड, आणि त्याच्याशी जुळवून घेणारा डोळा. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा: आधी उजेड एकसारखा करायचा, मग त्याचं प्रमाण ठरवायचं, आणि दिव्याच्या रंगाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. महागडा दिवा आधी येतो आणि खिडकीला धड पडदाही नसतो.

दोष खोलीचाच आहे ना?

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा आणि स्वतःहून रंग किंवा ब्राइटनेस बदलणाऱ्या सगळ्या सोयी बंद करा. विंडोजमधली नाइट लाइट, अ‍ॅपलच्या यंत्रांवरची नाइट शिफ्ट आणि ट्रू टोन, लॅपटॉपचा आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस, मॉनिटरच्या मेन्यूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि वीज वाचवणारा मोड. संध्याकाळ झाली की स्क्रीन पिवळी करणारी सोय चालू ठेवून कितीही चांगला दिवा आणला तरी उपयोग शून्य. पुष्कळदा तक्रार एवढ्यावरच मिटते.

मग एकच फोटो, एकाच वेळी, दोन वेगळ्या प्रोग्रॅममध्ये शेजारी शेजारी उघडा. दोन्हींत रंग वेगळे दिसले तर तो कलर प्रोफाइलचा (फाइलमधले आकडे कुठला रंग दाखवतात हे सांगणाऱ्या नोंदीचा) गोंधळ आहे, खोलीचा नाही; पुढचं वाचण्याआधी तो निस्तरा. दोन्हींत सारखे दिसले तर पुढे चला.

आता एक चाचणी-चित्र बनवा. काळ्या पार्श्वभूमीवर ५, १०, १५, २० आणि ३० या मूल्यांचे करडे चौकोन, म्हणजे तिन्ही रंगांचे आकडे सारखे. खाली पांढऱ्यावर २५०, २४५ आणि २४० चे तीन चौकोन. शेजारी १२८, १२८, १२८ चा मोठा करडा पट्टा. हे चित्र भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री, नेहमी ज्या उजेडात बसता त्याच उजेडात पाहा. रात्री १० चा चौकोन दिसतो आणि दुपारी २० चाही दिसत नाही, तर स्क्रीनवर बाहेरचा उजेड सांडतोय. खोलीतला दिवा लावल्यावर करडा पट्टा निळसर वाटायला लागला, तर दिवा पिवळा आहे. पट्टा कधीच निळसर वाटत नाही, चौकोनही सारखेच दिसतात, पण प्रिंट मात्र दर वेळी काळी येते, तर मॉनिटर खोलीच्या मानाने फार प्रखर आहे.

नेमकं होतं काय

पहिला प्रकार स्क्रीनवरच्या पातळ धुक्याचा. मॅट स्क्रीनसुद्धा अंगावर पडलेल्या उजेडाचा थोडा भाग परत फेकते. समजा १ टक्का फेकते. १२० निट (कँडेला प्रति चौरस मीटर) पांढऱ्याचा आणि १०००:१ कॉन्ट्रास्टचा मॉनिटर असेल तर त्याचा काळा ०.१२ निट असतो. स्क्रीनवर ५०० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडला, तर परत येणारा उजेड साधारण १.६ निट. म्हणजे काळा ०.१२ वरून १.७ वर गेला आणि हजाराचा कॉन्ट्रास्ट सत्तरावर आला. ६४ लक्सला तोच हिशेब ३७५ च्या आसपास येतो, ३२ लक्सला ५४० च्या पुढे. मॉनिटरच्या खोक्यावर छापलेला कॉन्ट्रास्टचा आकडा अंधाऱ्या खोलीतला असतो, हे विसरलं जातं. उजेडी खोलीत सावल्या या धुक्यात बुडतात, आपण त्या वर ओढतो, आणि रात्री तोच फोटो राखेसारखा फिका दिसतो.

दुसरा प्रकार डोळ्याचा. मिट्ट अंधारात स्क्रीन हीच एक प्रकाशमान वस्तू असते. ती प्रखर वाटते आणि आपण फोटो गडद करत जातो. शिवाय भोवताल काळा असला की चित्रातला कॉन्ट्रास्टही असतो त्यापेक्षा कमी जाणवतो, म्हणून तो वाढवण्याचा मोह होतो. हा परिणाम बार्टलसन आणि ब्रेनेमन यांनी १९६७ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा 'एडिटिंगला पूर्ण अंधार उत्तम' हा सल्ला निम्माच खरा: धुकं जातं, पण अंदाज चुकतो.

तिसरा रंगाचा. २७०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळा) पिवळ्या दिव्याखाली डोळा त्या पिवळेपणाला पांढरं मानायला लागतो. ६५०० केल्विनची स्क्रीन मग निळी वाटते, आणि आपण नकळत पिवळा मिसळतो. सकाळच्या पिवळट फोटोचं कारण हेच.

किती उजेड हवा

एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी ही फोटोतले रंग आकड्यांत मांडण्याची दोन ठरलेली मानकं. एसआरजीबीच्या १९९९ सालच्या मानकात ८० निटचा मॉनिटर आणि ६४ लक्सची खोली गृहीत धरली आहे. अडोबी आरजीबीच्या व्याख्येत मॉनिटर १६० निट आणि बंद स्क्रीनच्या तोंडावर ३२ लक्स. या दोहोंच्या मधलं काहीही चालतं. ८० ते १२० निटचा मॉनिटर आणि स्क्रीनच्या तोंडावर ३० ते ६० लक्स ही सुरुवात बहुतेक खोल्यांना मानवते. नवा मॉनिटर कारखान्यातून बहुधा २५० निट किंवा त्याहून वर लावून येतो. प्रिंट काळी येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण तेच, प्रिंटर नव्हे.

'स्क्रीनच्या तोंडावर' हे शब्द महत्त्वाचे. टेबलावर लक्समीटर आडवा ठेवून घेतलेलं माप इथे कामाचं नाही. छताचा दिवा टेबलावर जेवढा पडतो त्याच्या निम्माही उभ्या स्क्रीनवर पडत नसेल, किंवा समोर खिडकी असेल तर टेबलापेक्षा जास्तच पडत असेल.

लक्समीटर नाही? कॅमेरा आहे

फोटो एडिट करणाऱ्याकडे कॅमेरा असतोच, आणि त्याचा मीटर या कामाला पुरेसा आहे. फोनवरच्या लक्स अ‍ॅपपेक्षा आम्ही यावर जास्त विसंबतो, कारण फोनचा सेन्सर पुष्कळदा समोरच्या काचेच्या कडेला असतो आणि तिरक्या उजेडात फसतो.

मॉनिटर बंद करा. १८ टक्के ग्रे कार्ड स्क्रीनच्या मध्यावर, तोंड बाहेर करून टेकवा. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ/२.८. कार्डाने पूर्ण फ्रेम भरा, आपली सावली कार्डावर पडू देऊ नका, आणि मीटर शून्यावर येईपर्यंत शटर बदला. जो वेग येईल त्याच्या छेदाला साडेसतराने गुणा. १/४ सेकंद आला तर ७० लक्स, १/२ आला तर ३५, १/८ म्हणजे १४०, १/३० म्हणजे पाचशेच्या वर. लेन्स एफ/५.६ पेक्षा उघडत नसेल तर १ सेकंद म्हणजे ७० लक्स आणि २ सेकंद म्हणजे ३५. ग्रे कार्ड नसेल तर साधा पांढरा, बिनचकाकीचा कागद लावा. तो कार्डाच्या पाचपट उजेड फेकतो, म्हणून छेदाला साडेसतराऐवजी साडेतीनने गुणायचं.

मॉनिटरचं मापही असंच निघतं. पूर्ण पांढरी स्क्रीन लावा, खोली अंधारी करा, फोकस मुद्दाम बिघडवा म्हणजे पिक्सेलची जाळी मध्ये येणार नाही. आयएसओ १००, एफ/८. शटरच्या छेदाला ८ ने गुणलं की निट मिळतात: १/१० म्हणजे ८०, १/१५ म्हणजे १२०, १/२० म्हणजे १६०, १/३० म्हणजे २४०. एफ/२.८ ला गुणाकारही लागत नाही, छेद तोच निटचा आकडा. पण तिथे शटर १/१०० च्या पुढे जातो आणि स्क्रीनच्या लुकलुकीमुळे माप डळमळतं. म्हणून एफ/८ बरा. कॅमेऱ्यांचे मीटर वेगवेगळ्या स्थिरांकांवर जुळवलेले असतात, त्यामुळे दहा-पंधरा टक्क्यांची चूक धरून चाला. या कामात तेवढी चूक डोळ्याला कळत नाही.

उजेड एकसारखा करणं

खिडकी हा सगळ्यात मोठा गुन्हेगार. उगवतीला, मावळतीला दोन-तीन हजार केल्विन, भर दुपारी साडेपाच हजारांच्या आसपास, सावलीतून येणारा आकाशाचा उजेड सात हजारांच्या वर. आणि ढग आला-गेला की प्रमाणही बदललं. असल्या उजेडाशी जुळवून घेता येत नाही, तो अडवावाच लागतो. जाड, उजेड न झिरपणारा पडदा लावा, रंग काळा किंवा करडा. लाल किंवा निळ्या पडद्यातून गाळून येणारा उजेड उघड्या खिडकीपेक्षा वाईट. पडद्याच्या दोन्ही कडा चौकटीपुढे दहा-पंधरा सेंटीमीटर जाऊ द्या, नाहीतर कडेने शिरलेली तिरीप नेमकी स्क्रीनवर येते.

मॉनिटर खिडकीला काटकोनात बसवा. खिडकी पाठीशी असेल तर ती स्क्रीनमध्ये दिसते. मॉनिटरच्या मागे असेल तर डोळे दिपतात आणि स्क्रीन मिणमिणती वाटते. जागा ठरली की मॉनिटर बंद करून खुर्चीत बसा आणि काळ्या स्क्रीनमध्ये काय काय दिसतं ते पाहा. दिवा, पांढरी भिंत, तुमचा शर्ट, जे दिसेल ते एडिटिंग करताना फोटोवर पसरलेलं असतं. भडक पिवळा टी-शर्ट घालून त्वचेचे रंग ठरवू नयेत, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

दिवा कुठे आणि केवढा

डोक्यावरचा उघडा दिवा बंद. हवा तो मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड केलेला, स्वतः न दिसणारा. भिंतीचा उजळपणा स्क्रीनच्या पांढऱ्याच्या एक-दशांशाच्या जवळ ठेवा. १२० निटच्या मॉनिटरला भिंत १२ निट. निम्मा उजेड परत फेकणाऱ्या करड्या भिंतीवर त्यासाठी ७५ लक्स लागतात, पांढऱ्याशुभ्र भिंतीवर ४५-५० पुरतात. दीड मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढा भाग उजळायचा तर भिंतीवर ११० लुमेन पोचले पाहिजेत. वाया जाणारा धरून २०० ते ३०० लुमेनचा दिवा. म्हणजे ५ वॅटचा साधा एलईडी बल्बसुद्धा जरा जास्तच होतो. तपासायला पुन्हा कॅमेरा: पांढऱ्या स्क्रीनपेक्षा भिंतीचं माप तीन ते साडेतीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) खाली यायला हवं. दिवा जास्त वाटला तर तो भिंतीपासून लांब न्या किंवा पुढे पांढरा कागद लावा. कीबोर्डसाठी वेगळा लहान दिवा हवा असेल तर त्याचं तोंड पूर्ण खाली.

डिमरबद्दल सावध राहा. बरेच स्वस्त डिमर दिवा मंद करत नाहीत, भराभर चालू-बंद करतात. फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घेतला की पट्टे धावताना दिसतात. दोन तासांत डोकं जड होत असेल तर आधी हे पाहा. मंद होताना पिवळे होत जाणारे दिवेही मिळतात, हॅलोजन तर होतोच. अशा दिव्याला डिमर लावला की ठरवलेला रंग गेला.

रंग बदलणाऱ्या आरजीबी एलईडी पट्ट्या मॉनिटरमागे लावायची हौस खूप जणांना असते. त्यांचा 'पांढरा' हा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन अरुंद शेंड्यांचा बनलेला असतो आणि भिंतीवर हमखास कसलीतरी झाक टाकतो. पट्टीच लावायची तर नुसत्या पांढऱ्या एलईडीची.

दिव्याचा रंग

आता कुठे केल्विनकडे वळायचं. मॉनिटर डी६५ वर (म्हणजे साधारण ६५०० केल्विनच्या प्रमाण पांढऱ्यावर) असेल तर मागचा दिवा ६५०० केल्विनचा, आणि प्रिंटशी ताडून पाहायचं काम जास्त असेल तर ५००० चा. दोन्हींपैकी काहीही घ्या, पण खोलीत एकच जात ठेवा. एक ४००० चा, एक ६५०० चा असं मिश्रण सर्वांत वाईट, कारण मान वळवली की डोळ्याचं पांढरं बदलतं.

रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय (दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरापैकी आकडा), याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. स्क्रीन स्वतःच्या उजेडाने दिसते. दिव्याचा सीआरआय ९७ असो की ८२, स्क्रीनवरचा लाल तोच राहतो. फक्त स्क्रीनवर काम करणाऱ्याने मॉनिटरमागच्या दिव्यावर फार खर्च करू नये. प्रिंट ज्या दिव्याखाली पाहायची तो मात्र चांगला हवा. तिथेही खोक्यावरचा 'रा' आकडा पुरेसा नाही: तो आर१ ते आर८ या फिकट नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल, आर९, त्यात येतच नाही. निळ्या चिपवर पिवळं फॉस्फर असलेल्या एलईडीत नेमका लालच कमी पडतो. 'रा' ९५ च्या पुढे आणि आर९ चा आकडा छापलेला, तोही ८० च्या वर, असा दिवा शोधा. आर९ छापलाच नसेल तर तो सांगण्यासारखा नसावा, असं धरून चालावं.

केल्विन बरोबर असूनही दिवा हिरवट असू शकतो. त्या दिव्याखाली ग्रे कार्डाचा रॉ फोटो काढा आणि रॉ प्रोग्रॅममध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर कार्डावर दाबा. टिंटचा आकडा मॅजेंटाकडे लांब पळाला तर दिवा हिरवा आहे. दुपारच्या उन्हात काढलेल्या तशाच फोटोशी ताडून पाहा.

भिंती रंगवायची संधी मिळाली तर बिनचकाकीचा तटस्थ करडा, मन्सेल या रंगमापन पद्धतीतल्या एन७ किंवा एन८ च्या (फिकट करड्याच्या) आसपास. तयार 'ग्रे' रंगांत बहुधा निळा किंवा तपकिरी मिसळलेला असतो. फक्त पांढऱ्यात काळा घालून बनवून मागा. पूर्ण खोली नको असेल तर मॉनिटरमागची भिंत आणि स्क्रीनमध्ये जिचं प्रतिबिंब पडतं ती समोरची, या दोन पुरतात.

प्रिंट जुळत नसेल तर

प्रिंट पाहायला मंद खोली चालत नाही. आयएसओ ३६६४ मानकात बारकाईने तुलना करायला २००० लक्स आणि प्रिंट साध्या उजेडात कशी दिसेल हे पाहायला ५०० लक्स सांगितले आहेत, दोन्हीकडे उजेड डी५० चा, म्हणजे साधारण ५००० केल्विनचा. स्क्रीनशी जुळवायचं असेल तर हिशेब सोपा आहे: ९० टक्के उजेड फेकणारा कागद १२० निट दिसायला त्यावर सुमारे ४२० लक्स पडायला हवेत. ८० निटला २८०, १६० ला ५६०. यापेक्षा कमी उजेडात धरलेली प्रिंट काळीच दिसणार. हा दिवा मॉनिटरच्या बाजूला, मधे काळा पुठ्ठा आडवा लावून ठेवा, म्हणजे स्क्रीनवर काही सांडत नाही.

कागदाचा पांढरा स्क्रीनपेक्षा पिवळसर वाटला तर लगेच प्रोफाइलला दोष देऊ नका. बऱ्याच फोटो कागदांत अतिनील किरणांनी निळसर चमकणारी द्रव्यं घातलेली असतात. साध्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं, त्यामुळे तोच कागद खिडकीपाशी शुभ्र आणि दिव्याखाली मलईसारखा दिसतो. डाय शाईची प्रिंट काढल्या काढल्या तपासू नका; ती वाळताना रंग सरकतो, दुसऱ्या दिवशी पाहा.

हे सगळं झाल्यावर

मॉनिटर पुन्हा कॅलिब्रेट करा, याच उजेडात, अर्धा तास गरम झाल्यावर. कॅलिब्रेशनच्या यंत्रात खोलीचा उजेड पाहून प्रोफाइल आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा; उजेड आता स्थिर आहे आणि त्या सोयीने नवीन हलता भाग मध्ये येतो. चाचणी-चित्र परत तिन्ही वेळांना पाहा. तिन्ही वेळेला तोच चौकोन शेवटचा दिसला की काम झालं. नाही दिसला तर पडद्याच्या कडा तपासा, दिवा बदलू नका.

खोली आपल्या हातात नसेल, लॅपटॉप आज इथे उद्या तिथे असेल, तर काळ्या पुठ्ठ्याचं हूड करा: वर आणि दोन्ही बाजूंना, वीसेक सेंटीमीटर पुढे आलेलं, आतून बिनचकाकीचं. ब्राइटनेसची एकच पायरी ठरवून ती लिहून ठेवा. आणि डोळ्यापेक्षा ड्रॉपरवर जास्त भरवसा ठेवा, कारण त्याला खोलीचा उजेड दिसत नाही. फोटोत जे खात्रीने तटस्थ आहे, डांबरी रस्ता, करडा दगड, सावलीतली पांढरी भिंत नव्हे कारण तिच्यावर आकाशाचा निळा असतो, तिथे ड्रॉपर नेऊन तिन्ही आकडे वाचा. १४२, १४०, १४१ आले तर रंग ठीक आहे, मग स्क्रीन त्या क्षणी कितीही निळी वाटो. १५१, १४०, १२४ आले तर पिवळा तुम्ही मिसळला आहे.